वेल्डिंगची झळ रात्री कळते

वाचक विचारतात

गेल्या महिन्यात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांच्या डागडुजीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत सांध्याबद्दल थोडं आणि सांधा मारणाऱ्या माणसाबद्दलच जास्त विचारलंय. कुणी डोळ्यांचं, कुणी छातीचं, कुणी हातमोज्यांचं. म्हणून या वेळची सगळी जागा त्याच पत्रांना देतो. मी परभणीकडच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वेल्डर ट्रेड शिकवला, आणि त्याआधी मोंढ्यामागच्या एका ट्रॉलीच्या दुकानात उस्तादांच्या हाताखाली होतो. खाली जे सांगतोय ते या दोन जागांवर शिकलेलं आहे.

प्रश्न : सर, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. हायवेवरच्या दुकानात वेल्डिंग करतो. महिन्यातून दोन-तीनदा रात्री एक-दोन वाजता उठून बसतो, डोळ्यांत मिरचीपूड टाकल्यासारखं होतंय म्हणतो, दिवा लावू देत नाही. मी बटाट्याच्या चकत्या ठेवते. शेजारीण म्हणते दूध घाल. दुकानातल्या पोरांनी एक ड्रॉप दिलाय, त्यानं दोन मिनिटांत थांबतं. तो टाकत राहिलं तर चालेल का?
— एक आई, गेवराई

उत्तर : ताई, तो ड्रॉप आज रात्रीपासून बंद करा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. दोन मिनिटांत दुखणं थांबतंय म्हणजे तो बहुतेक डोळा बधिर करणारा ड्रॉप आहे. डॉक्टर तपासताना त्याचा एखादा थेंब टाकतात, पण बाटली घरी देत नाहीत. तो वारंवार टाकला की बुबुळावरची जखम भरून यायची थांबते. वरून दुखत नाही म्हणून पोरगं डोळा चोळतं आणि सकाळी परत कामावर जातं. अशानं नजर कायमची अधू होऊ शकते. ती बाटली फेकू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि किती दिवस टाकली ते खरं सांगा.

आता दुखणं काय आहे ते सांगतो. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंग करताना रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झोताच्या उजेडात अतिनील किरण असतात, ते दिसत नाहीत. बुबुळावरचा सगळ्यात वरचा पातळ थर ते भाजून काढतात, वैशाखाच्या उन्हात मान भाजते तसा. फरक एवढाच की भाजलं त्या वेळी काहीच कळत नाही. कळायला साधारण सहा ते बारा तास जातात. दुपारी चारला भाजलेला डोळा रात्री एकला पेटतो. म्हणून पोरांना वाटतं, दुपारी तर काहीच झालं नव्हतं, हे रात्रीच कुठून आलं? या धंद्यातली जवळपास सगळी दुखणी अशीच उशिरा येतात, आणि म्हणूनच शिकाऊ पोराला ती पटवून देणं अवघड जातं.

माझी पहिली रात्र मला अजून आठवते. मी तेव्हा अठराचा होतो. दिवसभर उस्ताद टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे लहान टाके, मारत होते आणि मी अँगल धरून बसलो होतो. त्यांनी सांगितलं होतं, ‘ठिणगी पडायच्या आधी मान फिरव.’ मी मान फिरवत होतो, पण दर वेळी अर्धा क्षण उशिरा. रात्री बाजेवर उठून बसलो आणि आईला म्हणालो, डोळ्यांत वाळू शिरलीय. आई रात्रभर ओला पदर डोळ्यांवर धरून बसली होती. तुमचं पत्र वाचताना तेच आठवलं.

अशा रात्री काय करायचं? स्वच्छ, गार पाण्यात भिजवलेली धुतलेल्या सुती कापडाची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. खोलीत अंधार करा. डोळे चोळू देऊ नका. दुखण्यावर पॅरासिटामोलची साधी गोळी चालते. बटाट्यानं गार वाटतं हे खरं, पण गारवा तर पाण्यानंही मिळतो. कापलेला बटाटा, दूध, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. वरचा थर सोललेला असतो, त्यात जंतू गेले तर साधं भाजणं राहत नाही, फूल पडतं. आर्कनं भाजलेला डोळा बहुतेकदा एक-दोन दिवसांत भरून येतो. एवढ्या वेळात उतार पडला नाही, धूसर दिसायला लागलं किंवा चिकट पू यायला लागला तर बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा, किंवा जालन्याला नाही तर संभाजीनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा, ती मी प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यातच सांगायचो. आर्क लागला की बहुतेकदा दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा खुपत असेल तर ते आर्कचं नसून ग्राइंडरचा कण असण्याची शक्यता जास्त. तो कण तापलेला लोखंडी असतो, बुबुळात रुततो आणि भोवती गंजाचं कडं धरतो. पदराच्या टोकानं किंवा काडीला कापूस लावून तो काढायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

महिन्यातून दोन-तीनदा असं होतंय, म्हणजे मुलगा वेल्डिंगची काळी काच वापरत असला तरी टॅक मारताना वापरत नसणार. लांब सांधा मारताना सगळे काच धरतात. डोळे भाजतात ते टॅकला. एका हातात रॉड धरायचा होल्डर, दुसऱ्या हातात जॉब, मग हातात धरायची काच धरणार कशानं? म्हणून पोरं डोळे मिटून टॅक मारतात. डोळे मिटले तरी पापणीची कातडी भाजतेच, आणि जरा लवकर उघडले की झालं. त्याला डोक्यावर बसणारं हेल्मेट घेऊन द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. शेजारी दुसरा माणूस वेल्डिंग करत असेल तर मधे ताडपत्री नाही तर जाड गोणपाट टांगायला सांगा. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेडसुद्धा हेल्मेटच्या मागच्या बाजूनं आत शिरतो. रस्त्यावरची लेकरं आर्क बघत उभी राहतात, त्यांच्यासाठीही तोच पडदा कामाला येईल.

प्रश्न : वाळूजला माझं फॅब्रिकेशनचं लहान युनिट आहे. चार कारागीर. दुकानदार म्हणतो ११ नंबरची काच सगळ्याला चालते. एक कारागीर ५ नंबरच्या दोन काचा एकावर एक लावतो, म्हणतो दहा झाले. ऑटो-डार्क हेल्मेटवर पैसे घालावेत का?
— एक युनिटचालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पाच आणि पाच दहा होत नाहीत, नऊ होतात. काचेच्या नंबरांची बेरीज करताना एक वजा करावा लागतो. त्या कारागिराला हे आजच सांगा. नंबर चढतो तशी काच गडद होते. एका नंबराचा फरक दिसायला लहान वाटतो, पण दर नंबरामागे आत येणारा उजेड अडीच पटीहून जास्त बदलतो.

काच ठरते ती अँपिअरवर. आपल्याकडे रॉडला गेजचे नंबर, म्हणून घोटाळा होतो : रॉडचा नंबर उतरतो तसा काचेचा चढतो. बारा नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, साठ ते नव्वद अँपिअरवर चालतो. त्याला १० नंबरची काच. दहा नंबरचा, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचा, नव्वद ते एकशेतीसवर. त्याला १० किंवा ११. आठ नंबरचा, चार मिलिमीटरचा, एकशेसाठच्या वर नेलात तर १२ लावा. गॅस कटरला ५ नंबरचा चष्मा पुरतो, आणि त्याच चष्म्यानं आर्क बघणं म्हणजे डोळे उघडे ठेवून बघणंच. मी मुलांना सांगायचो, आधी इतकी गडद काच लावा की सांध्याची जागा दिसणारच नाही. मग एकेक नंबर खाली या, वितळलेल्या लोखंडाचा डबका आणि त्याच्या कडा स्वच्छ दिसल्या की थांबा. पण दहा नंबरच्या रॉडला १० च्या खाली उतरू नका. काच फारच गडद असली की माणूस वाकून जॉबला नाक लावतो, आणि सगळा धूर छातीत घेतो.

काच उजेडाकडे धरून अंधार किती ते कळतं, अतिनील किरण किती अडतात ते कळत नाही. म्हणून नंबर आणि मानकाची खूण कोरलेलीच काच घ्या. वेल्डिंगच्या डोळे-चेहरा संरक्षणासाठी आपलं भारतीय मानक आयएस ११७९ आहे. एक्स-रेची फिल्म, उन्हातला गॉगल, काजळी धरलेली काच यांतलं काहीही आर्कसाठी नाही. काळ्या काचेपुढची साधी पांढरी काच ठिणग्यांनी खवखवीत झाली की बदला. ती स्वस्तात मिळते, आणि खवखवीत काचेतून काही दिसेनासं झालं की कारागीर हेल्मेट वर करतो.

ऑटो-डार्कवर पैसे घाला, विशेषतः टॅकिंगच्या कामाला. आर्क पेटताच काच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात गडद होते. बरी गोष्ट अशी की चांगल्या काचेत अतिनील किरण अडवणारा थर गडद होण्याआधीही काम करतच असतो. मात्र रोज सकाळी पहिल्या रॉडआधी ती गडद होते का ते तपासायची सवय कारागिरांना लावा. सेन्सरवर धूळ बसली किंवा बॅटरी उतरली की ती उशीर करते. आणि आत, ग्राइंडिंगसाठी, प्रत्येकाला पारदर्शक चष्मा द्या. हेल्मेट वर करून सांध्यावर साचलेला पापुद्रा ठोकताना उडालेल्या तुकड्यानं डोळा गमावलेला एक मुलगा मी पाहिलाय. तो माझाच विद्यार्थी होता. शिकत असताना त्याच्या चष्म्याकडे मी रोज लक्ष ठेवायचो, नोकरीत ते ठेवणारं कुणी नव्हतं.

प्रश्न : जाफराबाद तालुक्यात शेडनेटचे सांगाडे उभे करतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपला वेल्डिंग केलं की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गुळमट-धातूसारखी चव येते. सकाळी बरं वाटतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तर हमखास. उस्ताद म्हणतात गूळ खा, दूध पी, धूर निघून जातो.
— एक कारागीर, जालना जिल्हा

उत्तर : तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की दुसरं काही विचारावं लागत नाही. हा जस्ताच्या धुराचा ताप आहे. पाइपवरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे तुमचं लोखंड वितळायच्या कितीतरी आधी जस्त वाफ होऊन उडालेलं असतं. हवेत आल्यावर ते पांढरं होतं, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखं सांध्याभोवती तरंगताना तुम्ही पाहिलं असेलच. तेच छातीत जातं. काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, खोकला, आणि एक-दोन दिवसांत उतार. रोज धूर घेतला की शरीर थोडं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून पहिल्या दिवशी जास्त. सरावलं म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं मात्र समजू नका.

गुळाचं सांगतो. उस्तादांनी आपल्या माणसांची काळजी म्हणूनच तो दिला, आणि मीही वर्षानुवर्षं खाल्ला. पण गूळ-दूध पोटात जातं, धूर छातीत गेलेला असतो. गूळ खायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर धूर घेऊ नका. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला, आणि त्यात नुसतं जस्त नाही, सगळ्या वेल्डिंगचा धूर आला. स्टेनलेस स्टीलचा धूर तर त्याहून जपण्यासारखा, त्यात क्रोमियमचं विषारी रूप असतं.

करायचं काय? सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं जस्त ग्राइंडरनं घासून काढा (घासतानाही मास्क हवाच), मग वेल्डिंग, आणि थंड झाल्यावर त्या जागी झिंक पेंट. वारा पाठीमागून घेऊ नका. पाठीमागून आला की तो तुमच्या छातीपुढे भोवरा धरतो आणि धूर वर, नाकाकडे ओढतो. वारा बाजूनं घ्या, पंखाही बाजूला ठेवा. आणि डोकं धुराच्या खांबाच्या बाहेर ठेवा, या एका सवयीनं निम्मं काम होतं.

गमछा किंवा उपरणं बांधून हा धूर अडत नाही, कण इतके बारीक असतात. आयएस ९४७३ ची खूण असलेला एफएफपी-२ मास्क घ्या, हेल्मेटखाली बसतो. दाढीवर मात्र तो बसत नाही, कडेनं हवा आत येते. कण अडवतो, वायू अडवत नाही, म्हणून बंद टाकीत किंवा विहिरीत उतरून नुसत्या मास्कवर वेल्डिंग करायचं नाही. ताप दोन दिवसांनी उतरला नाही किंवा चालताना दम लागायला लागला तर डॉक्टरकडे जा आणि ‘जीआय पाइपला वेल्डिंग केलं होतं’ हे वाक्य न विसरता सांगा, नाहीतर हिवतापाची औषधं सुरू होतात.

प्रश्न : मास्तर, इन्व्हर्टर मशीन घेतलंय, वखर-रोटाव्हेटरची बारीकसारीक कामं रानातच करतो. ट्रॅक्टरची डिझेलची टाकी गळतीय. रिकामी करून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली. आता टाका मारू ना?
— एक शेतकरी, औसा

उत्तर : नका मारू, दादा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. शिवणीत आणि कोपऱ्यात डिझेल राहतंच, साबणानं निघत नाही. बाहेरून तापलं की त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. औषधाच्या, ऑइलच्या, थिनरच्या रिकाम्या ड्रमालाही हेच लागू, आणि ग्राइंडरनं कापायलासुद्धा. लहान छिद्राला इपॉक्सीची पुट्टी भरून काम चालतं, मोठ्या गळतीला नवी टाकी घ्या. टाकी महाग वाटेल, पण मला यात दुसरा मार्ग सांगायचा नाही.

रानातल्या कामाचं आणखी थोडं. ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत उडतात. कडब्याची गंजी, तुराट्या, पऱ्हाट्यांचा ढीग, गुरांचा गोठा यांच्यापासून लांब बसा, जवळ पाण्याच्या दोन घागरी आणि मातीची पाटी ठेवा. काम संपलं म्हणून लगेच जेवायला घरी जाऊ नका. पऱ्हाटीत पडलेली ठिणगी अर्ध्या-पाऊण तासानं धरते. तासभर कुणीतरी तिथं बसा.

आकडा टाकून मशीन चालवत असाल तर ते बंद करा. मीटरमधून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचमधून लाइन घ्या. पण तो तुम्हाला मशीनच्या आतल्या बाजूच्या, म्हणजे होल्डरच्या झटक्यापासून वाचवत नाही. रॉड लावलेला, आर्क न पेटलेला होल्डर साठ-सत्तर व्होल्टचा असू शकतो. कोरड्या हाताला तो क्वचित जाणवतो, घामानं निथळणाऱ्या माणसाला ओल्या काळ्या मातीत गुडघे टेकून बसल्यावर तोच जीवघेणा होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, हातमोजे तासाभरात ओले होतात. दोन जोड्या ठेवा, ओली वाळत घाला. सकाळी दहाच्या आत आणि उन्हं उतरल्यावर काम करा. खाली कोरडी फळी किंवा रबराची चटई घ्या. रॉड बदलताना मोजा काढू नका, आणि होल्डर काखेत धरू नका. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. ट्रॅक्टरवरच काम असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि अर्थिंगचा क्लँप सांध्याच्या जवळ, गंज घासून काढलेल्या लोखंडावर लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ती खराब करतो.

अंगावर टेरिकॉटचा सदरा असेल तर तो बदला. ठिणगीनं सुताला भोक पडतं. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं, आणि काढताना कातडीही घेऊन येतं. जुनी जीनची पँट, पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, वरची गुंडी लावलेली. पँट बुटावरून खाली सोडा, बुटात खोचू नका, पायचा दुमडू नका. चपलेवर वेल्डिंग करू नका एवढं सांगायची वेळ येऊ नये, पण मी रोज पाहतो.

प्रश्न : सर, मी आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली. मिळालेले हातमोजे इतके मोठे आहेत की रॉड नीट धरता येत नाही, म्हणून मी ते काढून काम करते. निदेशक रागावतात. मुलं म्हणतात हे काम मुलींचं नाही.
— एक विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : बेटा, हातमोजा हाताला बसत नसेल तर चूक हातमोज्याची आहे. रागावणाऱ्यांचंही बरोबर आहे, उघड्या हातानं काम करू नकोस, दोन्ही मनगटं उन्हात भाजल्यासारखी लाल होतील. पण त्यांना नुसतं ‘मोठे होतात’ असं म्हणू नकोस, माप दे. उजवा पंजा उघडा ठेव, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी, पंजाच्या सगळ्यात रुंद भागाभोवती शिंप्याचा टेप गुंडाळ. जितके इंच येतील तो तुझ्या मोज्याचा नंबर. सात आले तर सात नंबर. आयटीआयमध्ये येणारे बहुतेक दहा नंबरचे असतात, ठोक खरेदीत तेच येतात. चामड्याचा, मनगटाच्या वर चार बोटं येणारा, आतून सुती अस्तराचा मोजा माग. बुटांचंही तसंच, आयएस १५२९८ ची खूण असलेले स्टीलच्या टोकाचे बूट लहान मापातही निघतात.

वेणी आंबाड्यात बांधून टोपीखाली घे. ओढणी वर्कशॉपच्या बाहेर ठेव. वर घालायला सुती अॅप्रन पुरत नाही, चामड्याचा माग, आणि त्याच्या पट्ट्या तुझ्या उंचीला आवळता येतात का बघ.

काम मुलींचं आहे की नाही हे डबका ठरवतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींचा हात आडव्या सांध्यात बहुतेक मुलांपेक्षा स्थिर असायचा, मी त्यांचे तुकडे वाकवून, मोडून तपासलेत.

तुम्हा दोघींची मापं एका कागदावर लिहून, खाली सह्या करून निदेशकांना द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. महिनाभरात मोजे आले नाहीत तर या सदराच्या पत्त्यावर तीच मापं मला पाठवा. नांदेडला चामड्याचे मोजे शिवून देणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडून दोन जोड मी करून घेईन.